टेक्स्ट एडिटर बनवताना मजकूर आणि स्क्रीनची स्थिती वेगळी कशी ठेवावी

फाइल उघडायची, नुसती वाचायची, एखादा विभाग घडी घालून मिटवून ठेवायचा, आणि बंद करताना एडिटर विचारतो, ‘बदल सेव्ह करायचे?’ एक अक्षरही बदललेलं नसतं. किंवा एकच फाइल दोन खिडक्यांत शेजारी शेजारी उघडावी, तर डावीकडे स्क्रोल केलं की उजवीकडचाही मजकूर सरकतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. माणसाने लिहिलेला मजकूर आणि तो कसा दिसतोय याची नोंद, दोन्ही एकाच ऑब्जेक्टमध्ये कोंबलेल्या असतात. हे वेगळं कसं करायचं, कुठे अडकायला होतं आणि डिस्कवर काय कुठे लिहायचं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. भाषा जावास्क्रिप्ट असो, पायथॉन असो की रस्ट, रचना तीच राहते.

आधी यादी, मग एक प्रश्न

एडिटरच्या मुख्य क्लासमधली सगळी फील्ड्स कागदावर उतरवून काढा. लहानशा एडिटरमध्येही तीस-चाळीस सहज निघतात: मजकूर, फाइलचा पत्ता, एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत), कर्सर, निवड, स्क्रोल, मिटलेल्या घड्या, शोधलेला शब्द, ओळींची अनुक्रमणिका, रंगांचे टोकन, फॉन्टचा आकार, अंडूचा, म्हणजे मागे घेता येणाऱ्या बदलांचा, ढीग, ‘बदललंय’ हा झेंडा. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हे आत्ता पुसलं, तर काय जाईल?

माणसाने लिहिलेलं काही जात असेल, तर तो मूळ डेटा. फक्त सोय जात असेल, म्हणजे पुन्हा स्क्रोल करावं लागेल, पुन्हा घडी घालावी लागेल, तर ती स्क्रीनची स्थिती. काहीच जात नसेल, कारण मजकुरावरून ते पुन्हा काढता येतं, तर तो नुसता हिशेब आहे. ओळींची अनुक्रमणिका, रंग, शब्दसंख्या, ओळ कुठे मोडते हे सगळं या तिसऱ्या ढिगात जातं. ते कॅश (तात्पुरती साठवण) म्हणून मेमरीत ठेवायला हरकत नाही, पण डिस्कवर लिहायची गरज जवळपास कधीच नसते.

‘बदललंय’ हा झेंडासुद्धा तिसऱ्या ढिगातलाच आहे. तो खरा-खोटा असा वेगळा ठेवला की चुकतोच, कारण दहा ठिकाणांहून तो वर करावा लागतो. त्याऐवजी मजकुराच्या प्रत्येक अवस्थेला एक क्रमांक द्या आणि शेवटचं सेव्ह कोणत्या क्रमांकाला झालं तेवढं लक्षात ठेवा. दोन क्रमांक वेगळे, म्हणजे बदल झालाय. अंडू करत सेव्ह केलेल्या जागी परत आलं की जुना क्रमांकही परत यायला हवा, म्हणजे खूण आपोआप जाते.

जिथे हात अडखळतो

यादीतल्या बहुतेक नोंदी पटापट लागतात. चार-पाच मात्र दोन्हीकडच्या वाटतात आणि खरं काम तिथेच आहे.

सेव्ह न केलेला मजकूर हा सगळ्यात धोक्याचा. आजकाल बरेच एडिटर बंद करताना काही विचारत नाहीत. पुढच्या वेळी उघडलं की अर्धवट लिहिलेले टॅब जसेच्या तसे दिसतात. सोयीचं आहे, पण तो मजकूर बहुधा ‘कोणते टॅब उघडे होते’ या नोंदीशेजारी, सेशनच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. मग कुणी ‘एडिटर हळू चालतोय’ म्हणून सेशन पुसतं आणि दोन दिवसांचं लिखाण जातं. म्हणून मसुदे वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रत्येक मसुद्याची वेगळी फाइल करून ठेवा. सेशनमध्ये त्या मसुद्याचा फक्त ओळखक्रमांक असू द्या. सेशनची फाइल गेली तरी मसुदे सापडलेच पाहिजेत. मसुदा किती वेळाने लिहायचा, याचं माप जुन्या एडिटरांकडून घेता येतं: विम मूळ सेटिंगनुसार २०० अक्षरं टाइप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅप फाइल (सेव्ह न केलेल्या बदलांची नोंद) लिहितो, इमॅक्स ३०० कळांनंतर किंवा ३० सेकंदांच्या विश्रांतीनंतर आपली ऑटोसेव्ह फाइल.

अंडूचा इतिहास मजकुराचा असतो, खिडकीचा नसतो. एकच फाइल दोन खिडक्यांत उघडी असेल तर अंडूचा ढीग एकच हवा, कर्सर मात्र दोन. घडी घालणं, स्क्रोल करणं, फॉन्ट मोठा करणं यांना अंडूच्या ढिगात जागा देऊ नका. माणूस अंडू दाबतो तेव्हा त्याला शेवटचं लिहिलेलं मागे घ्यायचं असतं, घडी उघडायची नसते. पण प्रत्येक नोंदीसोबत बदलाच्या आधीचा कर्सर टिपून ठेवा, नाहीतर अंडूनंतर बदल पानाच्या बाहेर कुठेतरी होतो आणि काय झालं ते दिसतच नाही. एकेका अक्षराची वेगळी नोंदही नको. अर्ध्या सेकंदाहून कमी अंतराने आलेलं टायपिंग एकत्र बांधा. कोडमिरर या वेबवरच्या एडिटरचं मूळ माप तेच आहे, ५०० मिलिसेकंद.

एन्कोडिंग, ओळींच्या शेवटच्या खुणा आणि फाइलच्या सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंगची खूण असलेले पहिले काही बाइट) हे स्क्रीनवर दिसत नाहीत, म्हणून ते सेटिंग वाटतात. ते डेटा आहेत. विंडोजच्या पद्धतीने ओळी संपणारी फाइल उघडली आणि सेव्ह करताना लिनक्सच्या पद्धतीने लिहिली, तर गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) जुनी-नवी फाइल ताडून पाहतं तेव्हा अख्खी फाइल बदललेली दिसते. जशी आली तशीच परत लिहा.

फॉन्ट एरवी निव्वळ दिसण्याची गोष्ट. पण आपल्याकडच्या जुन्या डीटीपीच्या फाइली आठवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या काळातल्या फाइलीत आत साठवलेली चिन्हं इंग्रजी अक्षरांच्या जागांची असतात. विशिष्ट फॉन्ट लावला तरच मराठी उमटतं. अशा फाइलीसाठी फॉन्टचं नाव हाच मजकुराचा अर्थ असतो. एडिटरने ते ‘पसंती’ म्हणून टाकून दिलं तर हातात नुसता कचरा उरतो. युनिकोडच्या फाइलीत फॉन्ट खुशाल स्क्रीनच्या बाजूला ठेवा. अशा फाइली उघडणारा एडिटर बनवत असाल, तर तो मूळ डेटात घ्या.

चार ऑब्जेक्ट, एक दरवाजा

आता कोड फोडायला घ्या. चार भाग पुरतात.

‘दस्तऐवज’मध्ये मजकूर, एन्कोडिंग, ओळींची खूण, अंडू आणि अवस्थेचा क्रमांक. ‘दृश्य’मध्ये कर्सर आणि निवड, स्क्रोल, घड्या, चालू शोध. एका दस्तऐवजाची कितीही दृश्यं असू शकतात. दृश्याला दस्तऐवज माहीत असतो, दस्तऐवजाला दृश्यं माहीत नसतात, तो फक्त ‘हा बदल झाला’ अशी वर्दी देतो. ‘सेशन’मध्ये कोणते टॅब, कोणत्या खिडक्या, कुठल्या आकाराच्या. आणि ‘पसंती’मध्ये थीम, फॉन्ट, कीबोर्डचे शॉर्टकट. टॅबच्या कळीने पडणाऱ्या जागेची रुंदी आणि शेवटची रिकामी ओळ यांसारखे नियम पसंतीत नकोत. ते प्रकल्पाचे असतात आणि त्यांच्यासाठी एडिटरकॉन्फिगची फाइल आधीच आहे, ती वाचा.

दस्तऐवजात मजकूर बदलायचा दरवाजा एकच ठेवा. प्रत्येक बदल तीन गोष्टींत सांगायचा: कुठून, किती काढलं, काय घातलं. टायपिंग, पेस्ट, शोधा-आणि-बदला, फॉरमॅटर सगळे याच दारातून जायला हवेत. ‘पूर्ण मजकूर नवीन लावा’ ही वाट फक्त फाइल उघडताना वापरा. ती वाट रोज वापरली की काय होतं ते वेबवर नेहमी दिसतं. टेक्स्टएरियातला (पानावरच्या लिहिण्याच्या चौकटीतला) मजकूर प्रत्येक कळीला कोडमधून बदलून पुन्हा लावला की मधे टाइप करताना कर्सर एकदम शेवटी उडी मारतो, कारण ब्राउझरच्या दृष्टीने जुना मजकूर गेला आणि नवा आला. मोनॅको या व्हीएस कोडमधल्या एडिटरमध्ये मॉडेलचा (तिथल्या दस्तऐवजाचा) पूर्ण मजकूर थेट लावला की अंडूचा इतिहासच पुसला जातो. मोनॅकोत टॅब बदलताना आधी दृश्याची स्थिती वाचून ठेवा, मग मॉडेल बदला, आणि नंतरच नव्या मॉडेलची जुनी स्थिती लावा. क्रम उलटा केला तर स्थिती चुकीच्या मजकुराला लागते.

या विभागणीची जुनी आणि चांगली उदाहरणं समोर आहेत. इमॅक्समध्ये बफर (मजकूर) वेगळा, विंडो (दृश्य) वेगळी आणि प्रत्येक विंडोचा कर्सर वेगळा. तिथला एक बारकावा तर कुणीही घेण्यासारखा आहे. मजकुरावर खूण करायचे दोन मार्ग आहेत: टेक्स्ट प्रॉपर्टी आणि ओव्हरले. टेक्स्ट प्रॉपर्टी मजकुराचा भाग मानली जाते, कॉपी केली की सोबत जाते, आणि ती बदलली की बफर ‘बदललेला’ ठरतो. ओव्हरले वरून अंथरलेला असतो. तो कॉपीसोबत जात नाही आणि बफरला हात लावत नाही. शोधलेला शब्द पिवळा करायचा असेल तर ओव्हरलेचीच पद्धत हवी. त्याच इमॅक्समध्ये ‘फक्त एवढाच भाग दाखव’ ही मर्यादा मात्र बफरवर लागते. त्यामुळे एका विंडोत भाग आखडला की दुसऱ्या विंडोतही आखडतो. त्यावर उपाय म्हणून त्याच मजकुराचा जोडबफर काढावा लागतो. दिसण्याची एक गोष्ट डेटाच्या बाजूला राहिली की एवढा वळसा पडतो.

कोडमिरर ६, ज्याची पक्की आवृत्ती २०२२ मध्ये आली, निवड मजकुरासोबतच ठेवतो आणि स्क्रोल दृश्याकडे. वर आपण निवड दृश्यात टाकली. दोन्ही चालतं. महत्त्वाचं एवढंच, की मजकूर बदलतो त्याच क्षणी निवडही सरकली पाहिजे. मधे एक क्षणही असा नको की मजकूर नवा आणि कर्सर जुना.

जागा सरकवण्याचा हिशेब

कर्सर, घडी, बुकमार्क, चुकीची लाल रेघ, या सगळ्या मुळात मजकुरातल्या जागा. मजकूर हलला की त्या सरकायला हव्यात, आणि हे काम एकाच फंक्शनकडे द्या.

‘पुणे ते सातारा’ घ्या. युनिकोडच्या चिन्हांनी, म्हणजे मात्रा आणि हलन्तही वेगळे धरून, शून्यापासून मोजलं तर ‘पुणे’ चार, मोकळी जागा एक, ‘ते’ दोन, पुन्हा मोकळी जागा एक. म्हणजे ‘सातारा’ ८ व्या जागेपासून सुरू होतं. तिथे एक बुकमार्क आहे. कुणी सुरुवातीला ‘जुने’ आणि मोकळी जागा, अशी पाच चिन्हं घातली, तर बुकमार्क १३ वर. त्याऐवजी ‘ते’ काढून ‘मार्गे’ घातलं, तर दोन गेली, सहा आली, ८ वजा २ अधिक ६, बुकमार्क १२ वर. नियम असा: जागा बदलाच्या आधी असेल तर तशीच, काढलेल्या भागाच्या शेवटी किंवा नंतर असेल तर काढलेली लांबी वजा, घातलेली अधिक, काढलेल्या भागाच्या आत असेल तर त्या भागाच्या सुरुवातीला.

चुका होतात त्या काठावर. बुकमार्क ८ वर आहे आणि ८ वरच ‘थेट’ घातलं, तर तो ८ ला थांबेल की पुढे जाईल? याचं उत्तर प्रत्येक खुणेला आधीच द्यावं लागतं: ती डावीकडे चिकटते की उजवीकडे. टाइप करणारा कर्सर उजवीकडे जातो. ‘सातारा’ या शब्दाचा बुकमार्क शब्दासोबत, म्हणजे उजवीकडे. रंगवलेल्या पट्ट्याची सुरुवात उजवीकडे आणि शेवट डावीकडे चिकटवा. उलटं केलं तर काठाला टाइप केलेलं प्रत्येक अक्षर पट्ट्यात ओढलं जातं आणि लाल रेघ लांबत जाते. एका व्यवहारात अनेक बदल असतील तर सगळ्यांच्या जागा बदलाआधीच्या मजकुरातल्या धरायच्या की एकामागून एक, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. कोडमिररमध्ये त्या बदलाआधीच्या धरतात.

मोजायचं कशाने

इथे मराठी मजकूर फार चांगली परीक्षा घेतो. ‘पुस्तक’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचा, युनिकोडच्या चिन्हांनी ६ चा. डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजली तर जुन्या नियमाने ४ (पु, स्, त, क), आणि युनिकोड १५.१ ने २०२३ मध्ये जोडाक्षरांचा नियम बदलल्यावर ३ (पु, स्त, क). म्हणजे ‘कर्सर तिसऱ्या अक्षरावर’ असं डिस्कवर लिहून ठेवलं, तर लायब्ररीची आवृत्ती बदलल्यावर तो दुसरीकडे जाईल. साठवताना बाइट किंवा युनिकोडचं चिन्ह यांपैकी एकच माप घ्या आणि फाइलमध्ये त्या मापाचं नाव लिहा. अक्षरांच्या सीमा फक्त दृश्याच्या कामाच्या: बाणाची कळ, बॅकस्पेस, आणि परत लावलेला कर्सर ‘ते’च्या मात्रेआधी पडला असेल तर त्याला काठावर आणणं.

जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ ने मोजतं, पायथॉन चिन्हांनी. देवनागरीत दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून घोटाळा महिनोन्महिने लपून राहतो. मग कुणीतरी एक इमोजी टाकतं, जो एकीकडे दोन आणि दुसरीकडे एक मोजला जातो, आणि त्यापुढच्या सगळ्या खुणा एकेक घराने सरकतात. चाचणीच्या फाइलीत इमोजी घालाच.

‘दुसऱ्या’मधला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि खालचा नुक्ता असा दोन चिन्हांनी. तोच आकार र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरूनही काढलेला असतो. स्क्रीनवर फरक दिसत नाही, पण लांबी बदलते. सेव्ह करताना हे गुपचूप ‘एकसारखं’ करू नका; तो माणसाच्या मजकुराला लावलेला हात आहे, आणि वर साठवलेल्या सगळ्या जागाही खोट्या ठरतात. शोधासाठी एकसारखं करायचं तर शोधाच्या तात्पुरत्या प्रतीत करा. न दिसणारे जोडक दाखवायचे असतील तर ते दृश्याने वरून रेखाटावेत, मजकुरात घालू नयेत. तीच गोष्ट खिडकीच्या रुंदीमुळे मोडलेल्या ओळींची. आणि कीबोर्डमध्ये अजून जुळत असलेला अर्धा शब्दही, पक्का होईपर्यंत, दस्तऐवजात आणि मसुद्यात जाऊ देऊ नका.

स्क्रोल पिक्सेलमध्ये साठवणं ही नेहमीची चूक. फॉन्ट एका मापाने वाढला किंवा खिडकी अरुंद झाली की ४,२०० पिक्सेल म्हणजे वेगळाच परिच्छेद. त्याऐवजी सगळ्यात वर दिसणाऱ्या ओळीच्या सुरुवातीची जागा लिहा आणि ती ओळ किती झाकली गेली आहे त्याचा अंश. वर-खाली बाणांनी जाताना कर्सर जी उभी रेघ धरतो ती मात्र पिक्सेलमध्येच ठेवा, कारण देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी आणि ‘बारावा स्तंभ’ या शब्दाला अर्थ नसतो. ती साठवायची नाही. डावा-उजवा बाण दाबला की टाकून द्यायची.

डिस्कवर

लिनक्सच्या डेस्कटॉपांसाठी असलेल्या एक्सडीजी नियमात ही विभागणी तयार मिळते. पसंतीला कॉन्फिग, टिकाऊ डेटाला, म्हणजे मसुद्यांनाही, शेअर, पुन्हा काढता येणाऱ्याला कॅश, आणि २०२१ च्या आवृत्तीत भर पडलेलं स्टेट हे फोल्डर नेमकं मांडणी, उघड्या फाइली आणि अंडूच्या इतिहासासाठी. विमवरून बनलेला निओविम स्वॅप, अंडू वगैरे आता तिथेच ठेवतो. विंडोजवर पसंती रोमिंग (दुसऱ्या मशीनवरही सोबत जाणाऱ्या) फोल्डरमध्ये आणि खिडकीच्या जागा लोकल (त्याच मशीनवर राहणाऱ्या) फोल्डरमध्ये ठेवा, कारण दुसऱ्या मशीनचा मॉनिटर वेगळा असतो.

स्थितीची फाइल मजकुराच्या फाइलीशेजारी टाकू नका. ती गिटमध्ये जाते, ड्राइव्हवर सिंक होते आणि दोघांच्या स्क्रोलवरून भांडणं लागतात. सब्लाइम टेक्स्टने प्रकल्पाच्या दोन फाइली केल्या आहेत: प्रोजेक्टची सगळ्यांनी वाटून घ्यायची, वर्कस्पेसची प्रत्येकाची स्वतःची. एकाच फोल्डरमध्ये ठेवायचंच असेल, तर निदान अशा दोन फाइली असाव्यात.

लिहिण्याची शिस्तही दोघांची वेगळी. मजकूर सेव्ह करताना त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करा, मग तिला मूळ फाइलचं नाव द्या. कुठेही अडलं तर माणसाला स्पष्ट सांगा. स्थिती एक-दोन सेकंद थांबून लिहा, आणि नाही लिहिता आली तरी गप्प राहा. वाचतानाही तसंच: स्थितीची फाइल बिघडलेली असेल तर ती बाजूला ठेवून कोऱ्या स्थितीने उघडा, मजकूर उघडणं तिच्यावर अडता कामा नये. मजकुरात न वाचता येणारे बाइट आले तर मात्र प्रश्नचिन्हं घालून पुढे जाऊ नका. ती फाइल पुन्हा सेव्ह झाली की मूळ बाइट कायमचे गेले.

स्थितीसोबत मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा छोटा आकडा) लिहून ठेवा, कारण फाइल बाहेरून बदललेली असू शकते. विमने २०१० च्या ७.३ आवृत्तीपासून टिकाऊ अंडू आणला तेव्हा हेच केलं: हॅश जुळला नाही तर अंडूची फाइल वापरतच नाही. अंडूसाठी एवढी कडक पद्धतच योग्य, कारण चुकीच्या मजकुरावर चालवलेला अंडू मजकूर खराब करतो. कर्सर आणि घड्यांसाठी थोडं सैल चालेल: त्या ओळीचा मजकूर सोबत ठेवा आणि आजूबाजूला शंभर-दोनशे ओळींत तीच ओळ शोधा, सापडली नाही तर ती घडी सोडून द्या.

आणखी एक. शोधलेले शब्द, कॉपी केलेले तुकडे, फाइलींची नावं ही स्थिती खासगी असते. विमच्या विमइन्फो फाइलीत कॉपी केलेल्या ओळीही जातात, मूळ सेटिंगनुसार प्रत्येक रजिस्टरच्या (कॉपीच्या कप्प्याच्या) ५० पर्यंत. त्यात पासवर्डही असू शकतो. या फाइलीला फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल एवढीच परवानगी द्या आणि नोंदींना मर्यादा घाला.

फोडलंय की नाही ते तपासा

चार चाचण्या आपोआप चालतील अशा लिहा. फाइल उघडा, स्क्रोल करा, घड्या घाला, फॉन्ट बदला, सेव्ह दाबा: बाइटन् बाइट तीच फाइल मिळाली पाहिजे, ओळींच्या शेवटी मिश्र खुणा असलेल्या फाइलीसकट. दुसरी, तीच फाइल दोन दृश्यांत उघडून एकात सुरुवातीला टाइप करा: दुसऱ्याच्या वरच्या काठाला तीच ओळ दिसत राहिली पाहिजे. तिसरी, स्क्रीनशिवाय नुसता दस्तऐवज तयार करून त्यावर बदल आणि अंडू चालवा. यासाठी खिडकी बनवावी लागली, तर दस्तऐवजात कुठेतरी दृश्य अजून लोंबकळतंय. चौथी, अर्धवट लिहिलेला टॅब उघडा असताना प्रक्रिया मारून टाका, स्टेटचं फोल्डर पूर्ण पुसा आणि एडिटर पुन्हा सुरू करा. टॅब कुठे होता हे त्याला आठवलं नाही तरी चालेल, पण मसुदा यादीत दिसला पाहिजे आणि त्यात शेवटच्या काही सेकंदांपर्यंतचा मजकूर असला पाहिजे.